डोळ्यांना पाणी येईना तेव्हा

प्रिय ईशान आणि तन्वी,

प्राजूआत्याच्या लग्नात मी रडले नाही, हे तुम्ही तिकडे व्हिडिओत पाहिलंच असेल. प्राजू माझ्या नणंदेची लेक. तिची आई गेल्यावर ती घोडेगावात आमच्याच घरी वाढली. राजुरीच्या कार्यालयात तिच्या पाठवणीची वेळ झाली, बायका हुंदके देत होत्या आणि मी कोरडी ठणठणीत उभी. "अवो मामी, एक टिपूस तरी काढा की! व्हिडिओवाला कवाधरनं थांबलाय," असं तिची चुलती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आत कुठेतरी चरकले. कारण कित्येक महिने देवासमोरही असंच चाललं होतं. पूर्वी आरतीच्या शेवटी माझे डोळे आपोआप भरून यायचे. तेवढ्या क्षणी देव जवळ आहे असं वाटायचं. आता ते पाणीच येईना. मला वाटलं, आपली भक्ती आटली. माझी लेक सासरी निघाली तरी मन हललं नाही, म्हणजे मी दगडच झाले.

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. दातांचं दातांच्या डॉक्टरांना सांगायचं, डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना. सकाळी बोटं आखडतात ते वयाच्या नावावर टाकायचं, आणि न येणारं रडू देवाच्या. एकाचं दुसऱ्याला सांगून कुणाचा वेळ घ्यायचा नाही. दात किडत होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, पण हे सारं एकत्र ठेवून पाहावं असं मला कधी सुचलं नाही.

एका सोमवारी मी भीमाशंकरला गेले. पिंडीसमोर म्हटलं, निदान रडू तरी दे. डोळे तसेच. परतीच्या एसटीत प्रसादाचा पेढा तोंडात टाकला, तो टाळूला चिकटला आणि मला ठसकाच लागला. शेजारी डोंगरातल्या कुठल्याशा गावची बाई बसली होती. तिने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली.

"सावकाश, आजी. घास फिरतोय व्हय तोंडात?"

"पेढा कोरडा आहे गं."

"पेढा न्हाई वो कोरडा. मीबी त्योच खाल्ला." ती हसली आणि मग माझ्याकडे निरखून बघू लागली. "डोळं बी खुपत्यात का? माज्या नणंदेचं असंच व्हतं. आमी आदी लई अंगारे-धुपारे केलं. मग पुण्याला सांध्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं तवा कळलं. तुमी बी जाऊन या. आन् समदं सांगा बरं, राखून ठिवू नका."

पुढच्या थांब्यावर ती उतरून गेली. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

पुण्यात सांध्यांच्या डॉक्टरबाईंना मी पहिल्यांदाच सगळं एका दमात सांगितलं, अगदी आरतीचंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पापणीला कागदाची बारीक पट्टी अडकवली. ती जवळजवळ कोरडीच राहिली. मग रक्त दिलं. पहिला रिपोर्ट फोनवर आला, एएनए पॉझिटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटलं असल्याची शंका. मी इंटरनेटवर नको नको ते वाचलं आणि मनातल्या मनात साड्या वाटून टाकल्या. तन्वी, तूच फोनवर दटावलंस, "आजी, आधी डॉक्टरांना विचार, मग साड्या वाट!" डॉक्टरबाईही म्हणाल्या, ही तपासणी ठणठणीत माणसांतही पॉझिटिव्ह येते, एवढ्यावरून काही ठरत नाही. आणखी नेमक्या ॲन्टिबॉडी पाहायला त्यांनी पुढची तपासणी लिहून दिली.

त्या रिपोर्टची वाट पाहणं फार जड गेलं. माझं शिक्षण, माझं इंग्रजी, काही कामाचं नव्हतं. एका सकाळी देवापुढे बसले आणि पहिल्यांदा काहीच मागितलं नाही. एवढंच म्हटलं, जे असेल ते दाखव आणि सोबत राहा. त्यानंतर मन बरंच शांत झालं.

ती ॲन्टिबॉडी सापडली. माझ्या तक्रारी, ती पट्टी आणि रक्त, सगळं जुळवून डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, शोग्रेन. शरीराचे राखणदारच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठले होते. आजार जाणार नाही, पण आवरता येईल. आता डोळ्यांत थेंब घालते, गोळ्या घेते, ठरल्या वेळी तपासून येते. त्या दिवशी दवाखान्याबाहेर येऊन रिक्षात बसले आणि मला हसूच आलं. आटल्या होत्या त्या ग्रंथी. मी आटले नव्हते.

प्राजू माहेरपणाला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "बाळा, तुझ्या पाठवणीला मला रडायचं होतं गं."

"मामी, तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की हिरव्या चुड्यातली एक बांगडी वाढवलीत," ती म्हणाली. "गाडीत बसल्यावर बघितलं तर मनगटाला वळ. तुमचे डोळे बघायला सवड कुणाला होती?"

बाळांनो, अजूनही आरतीला माझे डोळे कोरडेच असतात. देव जवळ आहे की नाही, हे मी आता त्यांना विचारत नाही. डोंगरातली ती बाई कोण होती, हेही विचारत नाही. नुसते हात जोडते. प्राजूला माझ्या हातांवरून जे कळलं, ते देवाला कळत नसेल का?

तुमची आजी