कोरड्या मैदानावरची नोकरी

आमच्या कॉलेजात मला दर वर्षी एप्रिलमध्ये काढून टाकत आणि जूनमध्ये परत घेत. याला 'ब्रेक' म्हणत. सुट्टीतला पगार द्यायला नको आणि बाईनं कायम होण्याचा हक्क सांगायला नको, असा तो दुहेरी बेत होता. काढताना प्राचार्य चहा पाजायचे आणि म्हणायचे, "जूनमध्ये बघू." त्या 'बघू'च्या भरवशावर मी अख्खा वैशाख काढायची. घरात कुणी मोठ्यानं भांडं आपटलं तरी दचकायची.

अहमदपूरच्या त्या लहानशा कॉलेजात मी मुलींची क्रीडा शिक्षिका होते. खो-खो शिकवायची. मराठीच्या बाईंना वर्ग असतो, टेबल असतं, तास असतात. आमचे तास कुणी मोजत नाही. संघ जिंकला तर "मुली चांगल्या आहेत," आणि हरला तर "मॅडम काय करतात?" माझी बसायची जागा म्हणजे स्टोअररूममधली उंच उडीची जुनी गादी. तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता, आणि तो माझ्यापेक्षा पक्का होता.

नवरा लातूरला डाळ मिलमध्ये हिशेब लिहायचा. शनिवारी एसटीनं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्याचं एकच म्हणणं, "कुठं तरी पक्कं लागू दे तुझं. मग मी तिथं येतो. मुनीम काय, कुठंही लागतो." बोलायला सोपं होतं. मुनीम कुठंही लागतो हे खरं, पण मुलींना पळायला शिकवणारी बाई कुठं लागते, ते त्यानं सांगावं.

दिवाळीनंतर नांदेडच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेले. कॉलेजात सांगितलं, नणंदेच्या मुलाचं बारसं आहे. दुसरीकडे मुलाखत दिल्याचा सुगावा लागला तर जूनमधलं 'बघू'सुद्धा गेलं असतं. तिथं बाकावर बसले, तर शेजारी उदगीरचे कबड्डीचे सर आणि निलंग्याचे व्हॉलीबॉलचे सर. दोघांनीही मान खाली घातली. मी विचारलं, "काय सर, इकडं कुठं?" उदगीरचे सर म्हणाले, "पाहुण्याकडं बारसं होतं." त्या दिवशी नांदेडात फार बारशी झाली.

आत मला नियम विचारले नाहीत, मैदानाची मापं विचारली नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, "लग्न झालंय तुमचं. उद्या मूलबाळ झाल्यावर पळणार कशा?" मी म्हणाले, "पळतात मुली. मी शिट्टी वाजवते." बाहेर आल्यावर जीभ चावली. तोंड आवरलं असतं तर आपलं काय गेलं असतं, असं म्हणत परतीचा सगळा रस्ता खिडकीला टेकून बसले.

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूर जिल्हा नवा होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे होतो. नव्या जिल्ह्याचं सगळ्यांना भारी अप्रूप. पाट्या नव्या, साहेब नवे, गाड्या नव्या. विहिरी तेवढ्या जुन्याच होत्या आणि त्यांनी संक्रांतीच्या आधीच तळ दाखवला होता. आमच्या गल्ल्यांत टँकर यायचा, तोही आला तर. मुली सरावाला यायच्या त्या घागर रांगेत ठेवून. मधेच गल्लीतून कुणी तरी "आला गंऽ" म्हणून ओरडायचं आणि माझा अर्धा संघ खो न घेताच पळायचा.

आणि अशात संस्थेच्या अध्यक्षांनी नव्या जिल्ह्याच्या मुलींच्या स्पर्धा आमच्याकडे मागून घेतल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! अध्यक्षांना सगळे 'मालक' म्हणायचे. आडतीचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवारचा कडक उपास. माणूस वाईट नव्हता, पण कॉलेजही आडतीसारखं चालवायचा. आलेला माल ठेवायचा की परत करायचा, हे शेवटपर्यंत सांगायचा नाही.

खो-खोच्या मैदानाला पाणी लागतं. आदल्या संध्याकाळी सडा मारायचा, रोलर फिरवायचा, सकाळी परत हलका सडा, मग फक्कीनं रेघा आखायच्या. नाही तर पहिल्याच डावात धूळ उठते, बसलेल्या मुलींचे डोळे भरतात, आणि सूर मारणारीचं ढोपर सोलून निघतं. मालकांनी एक टँकर कबूल केला होता. आदल्या दिवशी दुपारी ते मैदानावर आले. मुली रेघांसाठी दोरी धरून उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "टँकरचं काय जमत न्हाई बाई. तहसीलदारानं न्हाई म्हणलंय. तुमचं तुमी बघा."

"मालक, पाण्याशिवाय मैदान कसं करू?"

"ते मला काय इचारता? उद्या जिल्ह्याचे साहेब यायलेत. त्यांच्या तोंडात धूळ गेली, तर जूनमध्ये इथं कोन बाई असंल ते मग बघू."

परत तेच 'बघू'. मला इतका राग आला की कानशिलं तापली. पण रागाच्या खाली जे होतं ती निव्वळ भीती होती. मी कोरड्या मातीवरच रोलर फिरवून घेतला आणि घरी गेले. नवऱ्याला फोन करावा तर मिलमध्ये फोन त्याच्या शेटजींच्या टेबलावर. डोळे मिटले की साहेब शिंकताना दिसायचे आणि लागलीच जून महिना दिसायचा. कुठल्या तरी शाळेत अर्ज करावा, शिवणकाम शिकावं, काय काय मनात आलं. खो-खो सोडून मला काहीही येत नव्हतं.

सकाळी मैदानावर गेले तर माती ओली होती.

सगळं मैदान नव्हे. दोन खांबांमधली मधली पाटी आणि चौकोन, तेवढंच. माझ्या मुली वाकून तांब्यानं पाणी शिंपडत होत्या, हात पसरून, कुठं थेंब जास्त पडू नये अशा बेतानं. बाजूला घागरी, कळश्या, एक पितळी हंडा. ते पाणी कुठलं हे विचारायची गरज नव्हती. ते त्यांच्या घरचं पाणी होतं.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी आलं ते हेच, की सुटले! आणि मग त्या विचाराचीच अशी शरम वाटली की मी ओरडायलाच लागले. "अक्कल गहाण ठेवली का गं? घरी प्यायला काय आहे? आया काय म्हणतील?"

कॅप्टन पुढं आली. सडपातळ, काळीसावळी, एकदा सूर मारला की समोरची बाद झालीच म्हणून समजावं. ती म्हणाली, "आईनंच भरून दिलं मॅडम."

"आईनं?"

"हाव. ती म्हणली, ह्या बाई गेल्या आन् बाप्या मास्तर आला, तर तुला मैदानावर कोन पाठवंल? तुझा बाप उद्याच पाव्हणे बोलवंल. जा म्हणली, घिऊन जा."

बाकीच्या मुली खाली बघत होत्या. सगळ्यांच्या घरी हेच बोलणं झालं असणार. बाई सोबत आहे म्हणून या मुली चड्डी-बनियनमध्ये नाही, तरी सलवार घालून का होईना, परगावी खेळायला जात होत्या. मी मुक्कामाला त्यांच्यात झोपायची म्हणून बाप सह्या करायचे. मला वाटत होतं, नोकरी माझी आहे आणि काळजीही माझीच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मातीत गेलेलं पाणी परत तर भरता येत नव्हतं. मी फक्कीचा डबा घेतला आणि रेघा आखल्या.

स्पर्धा झाल्या. आम्ही उपान्त्य फेरीत हरलो, लातूरच्या मुली आमच्याहून चपळ होत्या. साहेब म्हणाले, "दुष्काळातही मैदान छान राखलंय." मालक छाती पुढं काढून म्हणाले, "आमच्या बाई लई हुशार. पाण्याचं बराबर जमीवलं त्यांनी." मी रेघांची दोरी गुंडाळत राहिले. बोलले असते तर काय बोलले असते कोण जाणे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये चहा मिळाला नाही. ब्रेकच दिला नाही. जूनमध्ये मालकांनी बोलावून सांगितलं, "तुमाला कायम केलं बाई." आणि त्याच आठवड्यात नांदेडहूनही बोलावणं आलं. पळणार कशा म्हणणाऱ्यांनीच मला निवडलं होतं! वर्षानुवर्षं एक नोकरी धड मिळेना, आणि आता दोन दोन दारात. नवरा शनिवारची वाट न बघता मधेच आला. म्हणाला, "नांदेड. मोठं गाव, गोदावरी आहे, नळाला पाणी आहे. मालकाचा काय भरवसा? आज कायम म्हणतो, उद्या फिरवील." मलाही ते पटलं. आम्ही नांदेडचं ठरवलं.

निघण्याआधी कॅप्टनच्या घरी जाऊन सांगावं म्हणून पेढे घेऊन गेले. कॅप्टन घरात नव्हती. वैशाखात तिचं लग्न झालं होतं, मला कुणी कळवलंही नव्हतं. ऐकल्यावर माझा ताबा सुटला. तिच्या आईला म्हणाले, "मी होते ना इथं! मग का उरकलंत? पाणी कशाला पाठवलंत मग?"

ती शांतपणे जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "काय करावं बाई. आमी दोघं कामावर जायलो सडकंच्या, तरणी पोर घरी एकली. तिच्या बापापुढं माझं चाललं न्हाई." मग पेढ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं पक्कं झालं म्हणं?"

मी मान हलवली. नांदेडचं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिनं आत हाक मारली. परकरातली एक पोरगी बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. आई म्हणाली, "ही धाकटी. आठवीत हाय, धावी झाली की तुमच्याच कालेजात येती. थोरलीपक्षा जोरात पळती. हिच्या बापाला म्या आत्ताच सांगून ठिवलंय, आता बाई कायम हायेत, हिचं काय बोलायचं न्हाई."

पोरीनं माझ्या हातातला पेढा घेतला. मी तिला विचारलं, "खो कसा देतात, माहीत आहे का?" तिनं हाव म्हणून मान हलवली.

घरी आले तेव्हा नवरा दोरीनं ट्रंक बांधत होता. मी म्हणाले, "अहो, सोडा ती दोरी."