मौलाचे दर्याकाठचे दोन दिवस

मौला गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. त्याच्या जावयानं एवढंच सांगितलं, "काका, अब्बा गेले… आत्ताच." मी फोन ठेवला, शर्ट चढवला आणि तसाच निघालो. भवानी पेठेतून त्याच्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट, ती कशी चाललो ते आठवत नाही. दारात कुणीतरी हातात रुमाल देऊन हळूच म्हणालं, "मामा, तोंड पुसा." अर्ध्या दाढीनंच मी मौलाला खांदा दिला. तो बघत असता तर म्हणाला असता, "आरं शिवा, माझ्या मय्यतीला तरी माणसावानी ये की." कबरीत तीन मुठी माती टाकायची असते. मी टाकली. प्रत्येक मुठीला तीच एक गोष्ट ओठापर्यंत आली आणि मी ती गिळली. दीड महिना झाला. कागद पुढं घेऊन बसतो आणि उठतो. आज मात्र लिहायचंच असं ठरवलंय, कारण ती गोष्ट मी त्याच्याजवळ कधीच बोललो नाही.

आम्ही दोघं एका चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं जोडीनं होतो. मौला नक्षी काढायचा आणि ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून उतरवायचा. मी ते पत्ते दोरीनं एकामागं एक ओवून मागावर चढवायचो. पत्ते फिरतील तसे धागे वर-खाली होतात आणि कापडावर मोर, हत्ती, फुलं उमटतात. माझं गाव दुधनी, घरात कानडी. त्याच्या घरात दखनी. आमच्या दोघांत मराठी. भांडण लागलं की मात्र तो त्याच्या भाषेत आणि मी माझ्या भाषेत, त्यामुळं एकमेकाला काय काय बोललो ते कधी पुरतं कळलंच नाही आणि दोस्ती टिकली! त्याला माझी चेष्टा करायला फार आवडायचं. "ह्या शिवानं सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी बघितलं न्हाय," असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे दर्या त्यानंही बघितला नव्हता.

पंधराएक वर्षांपूर्वी कोकणातले एक वृद्ध गृहस्थ, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, चादरी घ्यायला कारखान्यात आले. त्यांच्या गावची मशीद अगदी समुद्राला लागून आहे, तिची व्यवस्था ते बघत. गावाचं नाव मी लिहीत नाही. वाटसरू, ट्रकवाले, मासळीचे व्यापारी तिथं थांबतात, नमाज पढतात, हातपाय धुऊन पुढं जातात. अशा मुसाफिरांसाठी त्यांना चाळीस जानमाज हव्या होत्या. जानमाज म्हणजे नमाजाला अंथरायचं छोटं आसन. मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीत कमानीचा कोनाडा असतो, त्याला मेहराब म्हणतात. तशीच कमान आसनाच्या एका टोकाला विणलेली असते, ते टोक पश्चिमेकडं करायचं. मौला इतका हरखला की त्यानं कागदावर सात कमानी काढल्या आणि सातही खोडल्या. आठवी पसंत पडली तेव्हा म्हणाला, "माल द्यायला आपुन सोता जायचं. तू बी चल. दर्यात उतरायचं दोगांनी."

आता इथं थोडं धंद्याचं सांगायला हवं. सोलापुरी चादरीची दोन्ही टोकं सारखी असतात. म्हणून नक्षी अर्धीच काढायची आणि अर्धी चादर विणून झाली की तेच पत्ते उलटे फिरवायचे. जानमाजला हे चालत नाही. म्हणून मौलानं पत्त्यांचे दोन गठ्ठे पाडले, एक वरच्या अर्ध्याचा, एक खालच्या. मला बजावून सांगितलं आणि भाचीच्या लग्नाला मोहोळला गेला, चार दिवस. मी पहिला गठ्ठा ओवला, मागावर चढवला आणि वर्षानुवर्षं चादरी विणणाऱ्या हातानं जे करायचं तेच केलं. अर्धं झालं की उलटं फिरवलं. चाळीस आसनं विणून झाली. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना कमान. कारखान्यात कुणाला काही खटकलं नाही. सोलापुरी डोळ्याला दोन्ही टोकं सारखी दिसली की बरं वाटतं.

गाठोडी शिवून झाल्यावर फळीवर मला दुसरा गठ्ठा दिसला. त्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. काय झालंय ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. मौलाला मोहोळला निरोप धाडता आला असता. जाणं आठ दिवस पुढं ढकलता आलं असतं. पण त्याच्यापुढं गाढव ठरायचं माझ्या जिवावर आलं. कुणाच्या लक्षात येतंय, अशी मी मनाची समजूत घातली आणि गठ्ठा मागं सरकवून टाकला. दुसऱ्या दिवशी मौला मोहोळहून परस्पर एसटी स्टँडवर आला, अंगाला अजून लग्नाचा वास, आणि विचारलं, "झालं न्हवं समदं?" मी म्हणालो, "व्हय की, एकदम बेस."

रात्रभराच्या प्रवासात तो बोलत होता आणि मी झोपेचं सोंग घेऊन बसलो होतो. सकाळी गावात उतरलो. नारळीच्या पलीकडं मशीद दिसली, पांढरी, बुटकी, पायऱ्यांवर वाळू आलेली. सोलापूरहून येताना मी मनाशी चित्र रंगवलं होतं की आत बसलं की समोर दर्या दिसत असेल. तसं नसतं. आपल्याकडं नमाज पश्चिमेला तोंड करून, आणि कोकणात दर्याही पश्चिमेलाच. म्हणजे दर्या नेमका त्या भिंतीमागं. आत बसलेल्याला तो नुसता ऐकू येतो, लाट आली की भिंतीपलीकडं धप्पकन आवाज आणि मग बराच वेळ सळसळ. मौला ते ऐकून लहान पोरासारखा हसला होता.

मग गाठोडी उघडली. चाचांनी पहिलं आसन पसरलं, उचलून उलटं केलं, पुन्हा पसरलं. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "अहो, मेहराब दोन्हीकडे? खालची पायाखाली येईल मग… तिच्यावर पाय कसा ठेवायचा?" मौलानं एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग तो म्हणाला, "चूक माझी हाय चाचा. नक्षी मीच काढलीया. एक बी आसन असं ऱ्हाणार न्हाय, तुमी काळजी करू नका." बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हाताची सवय रे शिवा, तू तरी काय करशील?" सवय! त्याला वाटलं होतं की मलाही ते तिथंच कळलं. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं…

गावच्या दुकानातून त्यानं साधं जाड कापड आणलं. खालच्या प्रत्येक कमानीवर एक कोरं ठिगळ, चारी बाजूंनी हातशिलाई. चाळीस आसनं. तो मशिदीत भिंतीशी मांडी घालून बसला तो दोन दिवस बसला. नमाजाची वेळ झाली की पसारा गोळा करायचा, नमाज झाला की पुन्हा सुई. मी शेजारी टेकलो तर म्हणाला, "तू जा, दर्या बगून ये. दोगांनी हितं बसून काय करायचंय?" आणि मी गेलो. परक्या धर्माच्या जागेत किती वेळ बसायचं, असं कारण मी स्वतःला दिलं. ते खोटं होतं. चाचांच्या घरून मी मासळी खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळा दहीभात येत होता, परकं तिथं कुणी मानलंच नव्हतं. मला मौलाची सुई बघवत नव्हती, एवढंच खरं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. एका लाटेनं माझी टोपी नेली. मी मोठ्यानं ओरडलो आणि हसलो, आणि मग एकदम लक्षात आलं की हा आवाज भिंतीपलीकडं त्याला ऐकू गेला असणार.

दुसऱ्या दिवशी एसटीची वेळ होत आली तेव्हा चाळिसावं ठिगळ संपलं. दोन ट्रकवाले आले, हातपाय धुतले, फडताळातून आसनं काढून नमाजाला उभे राहिले. मौला त्यांच्याकडं बघत उभा होता. त्याच्या अंगठ्याला आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी म्हणालो, "चल, पाच मिनिटं तरी पाण्यात जाऊन ये." तो म्हणाला, "गाडी चुकंल. पुढल्या खेपंला."

ती पुढली खेप आली नाही, कारण मी येऊ दिली नाही. दर दिवाळीनंतर तो विषय काढायचा, आणि मी कधी कंबर दुखते म्हणालो, कधी सुनेचं बाळंतपण सांगितलं. पुन्हा त्या भिंतीशी त्याच्याबरोबर बसलो तर मला बोलावं लागेल, याची मला धास्ती होती. तो गेला त्याच्या आठ दिवस आधी मी त्याला भेटलो. आवाज पार बसला होता. "शिवा, जाऊ की रे एकदा. पाण्यात उतरायचं ऱ्हायलंच." मी म्हणालो, "बरा हो, जाऊ." खोलीत आम्ही दोघंच होतो. अर्धा तास होता हाताशी. मी त्याला नव्या टॉवेलच्या नक्षीबद्दल सांगत बसलो. मौला, मी भित्रा माणूस आहे रे.

परवा त्याच्या घरी गेलो. भाभींची इद्दत चालू आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई परक्या पुरुषापुढं येत नाही, म्हणून भाभी आतल्या खोलीत, मधे पडदा, मी बाहेर खुर्चीवर. त्यांची मुलगी चहा ठेवून गेली. पडद्याआडून भाभी त्या सहलीचंच बोलायला लागल्या. मौला म्हणे नातवंडांना ती गोष्ट किती वेळा सांगायचा. दोघं कमरेएवढ्या पाण्यात कसे उतरलो, शिवाची टोपी लाटेनं नेली ती मौलानं पोहत जाऊन कशी आणली, मग दोघं वाळूत कसे लोळलो… मौलाला पोहता येत नव्हतं. घरात त्यानं ठिगळांचा एक शब्द काढला नव्हता. माझी चूक झाकायला त्यानं तिच्यावर अख्खा दर्या पसरला होता आणि नातवंडं तो खरा धरून हसत होती.

मी म्हणालो, "भाभी, मौला पाण्यात उतरला नव्हता."

आतून लगेच उत्तर आलं. "मालूम है भाईजान."

मग मुलीला काहीतरी सांगितल्याचा आवाज आला. मुलगी बाहेर आली आणि माझ्या मांडीवर एक लुंगी ठेवून गेली. निळी, चौकडीची, कोरी. भाभी म्हणाल्या, "ये अब तुमे रखो. पानीमें उतरने के वास्ते मैं अलग दी थी. वापस आयी तो घडी बी नै मोडी थी. मैं कब्बी पूछी नै. वो इत्ता खुश हो के बोलते थे… पहनते बी नै थे, अगली बार के वास्ते रखो बोलते थे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "फिर वो दो दिन कर क्या रे थे?"

मी सांगितलं. ठिगळांचं सांगितलं, चिंध्या बांधलेल्या बोटांचं सांगितलं, त्यानं चाचांपुढं चूक स्वतःवर घेतली त्याचं सांगितलं. मग फळीवरच्या गठ्ठ्याचं सांगितलं, आणि मला ते निघायच्या आधीच ठाऊक होतं हेही. मी रडत होतो, ते त्यांना ऐकू जात असणार.

"ये उनके सामने बोलना था, भाईजान," भाभी म्हणाल्या.

मुलगी पुन्हा बाहेर आली. तिनं माझ्या मांडीवरची लुंगी उचलली आणि आत नेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा.