पाकीट हातानं आणलंय

इलेक्शन ड्युटीची ऑर्डर आली की आम्ही शिक्षक कपाळाला हात लावतो, आणि ड्युटी संपली की स्टाफरूममध्ये वर्षभर तिच्याच गप्पा मारतो! माझ्याकडचे किस्से तर एकाच टेबलावरचे आहेत. वडगावच्या कचेरीत मला टपाली मतांचं टेबल मिळालं होतं. सोबतीला पवार भाऊसाहेब, म्हणजे तलाठी.

ज्यांना मतदानाच्या दिवशी दुसऱ्या गावी ड्युटी, त्यांना तेव्हा मतपत्रिका घरी मिळायची. खूण करायची, पाकीट बंद करायचं आणि पोस्टात टाकायचं. तिकीटसुद्धा लागायचं नाही. पण माणसं पोस्टात टाकतील तर शपथ! जो तो पाकीट घेऊन आमच्या दारात, टेबलावरच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकायला.

*

पहिल्याच दिवशी कार्ल्याच्या एक अंगणवाडीताई आल्या. पाकिटावर हळदीकुंकू!

"ताई, हे काय?"

"देवापुढं ठेवलं होतं रात्रभर. पहिल्यांदाच असं घरून मत देतेय. नीट पोचावं म्हणून."

मी घाबरले. मत बाद झालं तर? भाऊसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, चष्मा वर-खाली केला आणि गंभीरपणे म्हणाले, "मतपत्रिका आतल्या पाकिटात, कुंकू बाहेरच्या पाकिटावर. देवाचा हस्तक्षेप बाहेरूनच आहे. घ्या!"

*

कामशेतचे एक सर आले. नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोघांनाही ड्युटी. मी विचारलं, "मॅडमचं पाकीट आणलं नाहीत?"

"दिलं नाही तिनं. म्हणाली, तुम्ही वाटेत उघडून बघाल! तीस वर्षं संसार केला, आणि हा विश्वास!"

सर फणकारत बाहेर जाऊन पायरीवर बसले. अर्ध्या तासानं पुढच्या एसटीनं मॅडम आल्या. पाकीट पेटीत टाकलं आणि हळूच विचारलं, "आमचे हे गेले का हो? सकाळी रागानं डबा न घेताच निघाले."

मी पायरीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं खिडकीतून बघते तर दोघं एकाच डब्यातून जेवतायत!

भाऊसाहेब म्हणाले, "युती झाली वाटतं!"

*

तुंगार्लीची शबाना नुकतीच शिक्षिका झाली होती. पहिली नोकरी, पहिली ड्युटी, पहिलंच मत. वडील लोणावळ्यात दुकानदार. दुकान बंद ठेवून स्कूटरवरून तिला घेऊन आले, पण आत येईनात. "मत तिचं आहे. मी इथंच उभा राहतो."

ती बाहेर गेल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर तिचं बोट बघितलं. "शाई कुठाय?"

"अब्बा, टपाली मताला शाई लावत नाहीत."

एवढा उंचापुरा माणूस, पण चेहरा पार पडला. "अगं, फोटो काढणार होतो. तुझ्या आजीला दाखवायचा होता."

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि लेकीच्या बोटावर स्वतःच्या हातानं निळी रेघ ओढली. फोटो काढताना दोघांचेही डोळे भरले होते. भाऊसाहेब दुसरीकडे बघत मला म्हणाले, "बाई, आपण काही पाहिलं नाही हं!"

*

मतमोजणीला तीन दिवस उरले होते. कुरवंड्याचे एक आबा आले. मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. तिथून टपाल वेळेत पोचेल की नाही म्हणून त्यानं बंद पाकीट सुट्टीवर येणाऱ्या मित्राजवळ दिलेलं. आबांनी ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं.

मला सांगायलाच जड जात होतं. "आबा, फौजेतल्या मताचा नियम वेगळा आहे. ते पोस्टानंच यावं लागतं. हातात घेता येत नाही."

"म्हंजी पोस्टमननं आणलं तर चालतं, आन् बापानं आणलं तर न्हाई?"

आबांनी पाकिटावरच्या पत्त्यावरून बोट फिरवलं. "त्याचं अक्षर हाय ह्यावर. आता समदं फोनवरच. लय दिसांनी बघितलं." मग उठले. "पोस्ट कुटं हाय हितलं?"

भाऊसाहेब स्वतः त्यांना पोस्टात घेऊन गेले. स्पीड पोस्ट केलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पोस्टमन आला, आणि त्याच्या मागोमाग आबा! पोस्टमन कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, हे पहिल्या एसटीनं येऊन पोस्टाच्या दारात बसले होते. गावभर माझ्यामागं चालतायत. चार ठिकाणी थांबलो, चारही ठिकाणी थांबले."

मी सही करून पाकीट घेतलं, रजिस्टर उघडलं. 'कसे प्राप्त झाले' हा रकाना आला तसे आबा टेबलावर वाकले.

"लिवा बाई, पोस्टानं. मी नुसता संगं आलतो."