खोटी किल्ली

किल्ली घासून झाली की किल्लीकाका ती कुलपात घालत आणि डोळे मिटत. आतल्या बारीक खिळ्या कशा उचलल्या जातात, हे त्यांच्या बोटांना कळे. खुद्द कुलपालाही इतकं कळत नसावं. त्यामुळे "रक्तातली साखर अशीच वर राहिली तर हळूहळू बोटं बधिर होऊ शकतात," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा काकांच्या पायाखालची जमीन जागेवर राहिली, दुकान मात्र सरकलं.

त्या दिवसापासून साखर बंद. गोडी चालू. खिशात साखरेऐवजी चहात टाकायच्या गोड गोळ्यांची चपटी डबी आली आणि काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. कपात चार-चार गोळ्या पडू लागल्या.

"अहो, चहा पिताय की पाक?" काकूंनी विचारलं.

"यात साखर नावालाही नाही. जिभेला फसवतोय, तुझं काय गेलं?"

"फसवा. माझ्यावर सराव झालाच आहे."

पुढच्या तपासणीत साखर तसूभर हलली नव्हती. काकूंनी लगेच डबीविरुद्ध साक्ष दिली.

"काका, आपल्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा काही गोळ्यांनी काही जणांमध्ये त्यांची घडी विस्कटते, आणि मग शरीराला खरी साखरही नीट हाताळता येत नाही. सगळ्यांचं असं होत नाही. तुमचं होतंय का, ते गोळ्या सोडून बघू. औषध, जेवण, चालणं आहे तसंच ठेवा."

"माझ्या पोटात राहतात?" काका पोटाकडे बघतच राहिले. एवढी वस्ती पट्ट्याखाली बांधून ते आयुष्यभर हिंडले होते.

"भाडेकरू भरलेत आणि मालकाला पत्ता नाही," काकू म्हणाल्या.

तरी डबी खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी एक बाई दाराचं कुलूप घेऊन आल्या. मूळ किल्लीच अडत होती. काकांनी कुलूप खोललं आणि सवयीने सुरू केलं, "कुणीतरी ओबडधोबड किल्ली करून दिलीय तुम्हाला. ती चालते हो, पण चालता चालता खिळ्या झिजवते. मग खरी किल्ली आली तरी कुलूप तिला..."

काका मध्येच थांबले. कपातल्या चहाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तोच बोलला.

डबी गेली. सुरुवातीला चहा म्हणजे शिक्षा होती. मग एका सकाळी काका दचकले. "दुधात काय घातलंस?"

"दूध."

नुसतं दूध इतकं गोड असतं, हे जिभेला आता कळत होतं. पुढच्या तपासणीत साखर उतरली. "गोळ्यांमुळेच वर होती, असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हीच वाट धरा. बोटं सांभाळली जातील."

दुकानात परतून काकांनी एका कुलपात किल्ली घातली, डोळे मिटले. खिळ्या एकेक करून उचलल्या गेल्या. दुसरा हात नकळत पोटावर गेला.

"दुखतंय का?" डबा घेऊन आलेल्या काकूंनी विचारलं.

"नाही गं," काका हळूच म्हणाले. "आत माणसं कामावर आहेत. जरा हळू बोल."