बरणीतलं वर्षावन आणि तंत्रज्ञानाचा रकाना

मास्तर मंडळी, आज आमच्या चौथीच्या वर्गापुढं साहेब हरले! एकट्याला आनंद पेलवेना, म्हणून लिहितोय.

पोरांनी महिनाभर खपून लोणच्याच्या काचेच्या बरणीत माती भरून, शेवाळ, रोपं लावून, झाकण घट्ट बंद करून वर्षावन केलंय. सेनगावहून जीपनं शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी बरणीआधी हातातला, मुलांना काय यायला हवं त्याचा तक्ता बघितला.

"कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतं हे? आन् तंत्रज्ञान कुठंय? न्हाई बसत तर उचला." असं म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

"साहेब, उघडू नका!" तांड्यावरची काजल ओरडलीच.

"काहून?"

"आतला पाऊस जाईल ना! आमी पाणी एकदाच घातलं. उन्हानं वाफ होते, काचेला लागून थेंब पडतेत. झाकण हेच तर तंत्रज्ञान हाय!"

साहेबांनी वाकून थेंब बघितले. मग 'जलचक्र' या निष्पत्तीपुढं खूण केली आणि 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात गंभीरपणे लिहिलं: झाकण.

आमचा स्मार्ट बोर्ड आल्यापासून बंद आहे. त्याला हा मान कधी मिळाला नाही.

तुमच्या शाळेत कोणतं तंत्रज्ञान खरोखर चालू आहे?