काढलेल्या नळांचं बिल

पाण्याच्या बिलाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. सून म्हणते, आई, सोडा आता. कशी सोडू? बिल माझं असतं तर एक वेळ सोडलंही असतं. बिल वैनींचं होतं.

वैनी म्हणजे आमच्या शेजारीण, मालवणकडच्या. नात्याच्या कोणी नाहीत. लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. पुढे चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या आणि देवाची कृपा, आम्हाला दोघींना समोरासमोरची दारं मिळाली. पण वैनी आणि मी म्हणजे काय, हे कळायचं तर आधी चाळीतल्या दिव्याचं सांगायला हवं.

चाळीत विजेचा मीटर मालकाचा, सगळ्यांना मिळून एकच. मग कुणी किती भरायचं? तर पॉइंटवर. खोलीत दिवा असला तर एक पॉइंट. पंखा घेतला, दुसरा पॉइंट. प्लग बसवला, तिसरा. मालकाचा माणूस दर महिन्याला यायचा आणि मान वर करून, छताकडे बघत मोजायचा. तुम्ही दिवा तासभर जाळा नाहीतर रात्रभर, त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणाला भेट द्यायची झाली की आधी बघायचं, वस्तूला वायर आहे का? लग्नात वायरवाली वस्तू देणं म्हणजे त्या पोरीच्या गळ्यात दर महिन्याचा भुर्दंड बांधणं. माझ्या भावाने एकदा हौसेने विजेची इस्त्री आणली. ती पोटमाळ्यावर खोक्यात गेली ती तिथेच राहिली. मी आपली तांब्यात निखारे घालून तो कपड्यांवर फिरवत बसले. भावाला वाटायचं, बहिणीला इस्त्री आवडली नाही. आता त्याला काय सांगणार?

मग गिरण्यांचा संप आला. माझा नवरा आणि वैनींचा नवरा, दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात, दोघं घरी बसले. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, होईल महिन्या-दोन महिन्यांत. नंतर नंतर बायकांनी पॉइंट कमी करायला सुरुवात केली. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती, हातभर जागा मोकळी होती. वैनी एक दिवस स्टुलावर चढल्या आणि तिथूनच मला ओरडून म्हणाल्या, "काय गो, दोन दिवे कित्याक होये? एक ट्यूब हय मधी लावया. उजेड दोन्हीकडे पडतलो."

झालं. दोन पॉइंटचा एक झाला, पैसे निम्मेनिम्मे. मालकाचा माणूस आला, वर बघितलं, खाली बघितलं, पण ती ट्यूब कुणाच्या खोलीत धरायची तेच त्याला समजेना.

एकच अडचण होती. बटण वैनींच्या बाजूला. माझा मुलगा अभ्यासाला बसलेला असायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "बंद करू काय गो?" मी तोंड उघडायच्या आत अंधार. मग मुलगा ओरडायचा, "काकी, दिवा!" की वैनी हसत हसत परत लावायच्या. संप संपला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. गिरणी उघडलीच नाही. पण ती ट्यूब आम्ही चाळ सोडेपर्यंत दोन्हीकडे जळत होती.

आता टॉवर. इथे वीज ज्याची त्याची. पाणी मात्र सोसायटीचं, आणि त्याचं बिल घरातल्या नळांच्या संख्येवर. सेक्रेटरीने पहिल्याच महिन्यात सगळ्यांना समजावलं. गृहस्थ निवृत्त अधिकारी, वरच्या मोठ्या ब्लॉकमध्ये राहणारे, बोलणं अगदी साखरेत घोळलेलं. वैनींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना वाटलं, ही तर आपली ओळखीची पद्धत! पॉइंटसारखीच. नवरा गेलेला, मुलगा बदलापूरला, घरात बाई एकटी. तिला इतके नळ कशाला? दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला, स्वयंपाकघरातला एक नळ ठेवला आणि बाकी सगळे काढून पायपांना बुचं मारून घेतली. मग सोसायटीच्या ऑफिसात जाऊन म्हणाल्या, "आता येवन मोजा."

सेक्रेटरी म्हणाले, "आजी, आम्ही नकाशाप्रमाणे धरतो. नकाशात जेवढे नळ, तेवढे. तुम्ही ठेवा नाहीतर काढा."

बिल होतं तेवढंच आलं.

मी म्हटलं, "वैनी, मग उघडून टाका ना ते नळ. पैसे भरताच आहात."

"नाय. उघडले तर त्यांचा खरा होतला."

या हट्टाला काय म्हणायचं? सेक्रेटरीचा राग येत होता तेवढाच मला वैनींचाही येत होता. रोज सकाळी स्वयंपाकघरात बादली भरायची आणि दोन्ही हातांनी उचलून न्हाणीघरात न्यायची. गुडघे आधीच गेलेले. मध्ये टेकायला थांबल्या की ती बादलीची कडी वाजायची, ती मला माझ्या दारात ऐकू यायची. त्यांच्या मुलाच्या कानावर हे गेलं. त्याने फोनवर सांगितलं, "आये, बस झाला. जागा भाड्यान देऊया, तू हय ये." वैनी माझ्यासमोर हो-हो म्हणाल्या, फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन उगीच धुतलेली भांडी धुवायला लागल्या. त्यांना जायचं नव्हतं. आणि मला? समोरच्या दारावर दुसऱ्या कुणाची पाटी बघायची माझी तयारी नव्हती.

वार्षिक सभा जवळ आली होती. मी ठरवलं, हा विषय तिथे मांडायचा. माझं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून लिहायला शिकले. बसले आणि चार पानं लिहून काढली. चाळीतल्या पॉइंटपासून बादलीच्या कडीपर्यंत सगळं. सून म्हणाली, "आई, पानं कोण ऐकणार? मी प्रेझेंटेशन करून देते." तिचं ऑफिसात कामच ते. पोर गुणाची आहे, रविवार खर्ची घातला तिने माझ्यासाठी. पण काय सांगू!

"आई, एका स्लाइडवर एकच गोष्ट घ्यायची."

"अगं, गोष्ट एकच आहे. ती चार पानांची आहे."

तिने चाळ काढली. मग ट्यूब काढली. मग गुडघे काढले. उरलं काय, तर 'न्याय्य पाणी आकारणी' आणि बाजूला एक निळा थेंब. "हा थेंब कशाला?" तर म्हणे विषय पाण्याचा आहे ना. पुढच्या स्लाइडवर एक पांढऱ्या केसांची गोरी बाई, गालाला हात लावून खिडकीबाहेर बघतेय.

"ही कोण?"

"नेटवरची आहे, आई. लोक वाचत नाहीत, बघतात. भावना पोचायला हवी."

"हिच्या घरी नळ किती?"

सुनेने लॅपटॉप मिटला. मग मीच चहा करून तिची समजूत घातली. म्हटलं, भावनाच पोचवायची तर वैनींच्या त्या बुचं मारलेल्या पायपांचा फोटो लाव. पण वैनींना विचारायला गेले तर त्या कडाडल्या, "माझी न्हाणी भिंतीवर दाखवतलास? अजिबात नाय." तेही खरंच होतं. मग ती गोरी बाईच राहिली.

सभा क्लबहाउसमध्ये. सुनेने मशीन लावलं, भिंतीवर थेंब उमटला आणि पुढे काही दिसेचना. अक्षरं फिकट निळी, भिंत पांढरी. घरी लॅपटॉपवर छान दिसत होती हो! पुढच्या रांगेतले एक जण म्हणाले, "फॉन्ट मोठा हवा होता." त्यांच्या मागचे म्हणाले, "नाही, बॅकग्राउंड डार्क घ्यायला हवं होतं." तिसऱ्या बाईंनी विचारलं, "त्या फोटोतल्या आपल्याच सोसायटीतल्या आहेत का? बघितल्यासारख्या वाटतात." सगळे माझ्या सुनेला स्लाइड कशी करावी ते शिकवायला लागले. पाणी राहिलं बाजूला. शेवटी मी उठून उभी राहिले. म्हटलं, "अहो, रंग जाऊ दे! बाईने नळ काढलेत. वर येऊन डोळ्यांनी बघा, नाहीत तर नाहीत. नसलेल्या नळाचे पैसे कसे घेता?"

सेक्रेटरी गोड हसले. "काकू, मुद्दा नोंदवून घेतला आहे. आपण उपसमिती नेमू." मग त्यांनी त्यांच्या स्लाइड लावल्या. त्यात एक गोल होता, रंगीत फोडींचा, तो गरगर फिरत आला आणि थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोडी कशाच्या होत्या ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि याच सभेच्या शेवटी ज्येष्ठांचा सत्कार होता. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, यंदा आम्ही भेटवस्तू फार विचारपूर्वक निवडली आहे, थंडीत ज्येष्ठांना उपयोगी पडावी अशी. एकेकाला वर बोलवत होते, गुलाब आणि खोकं देत होते. मीही घेऊन आले. वैनींनी मात्र खोकं तिथल्या तिथेच फोडलं. आतून निघाला गरम पाण्याचा विजेचा नळ.

वैनींनी तो उलटासुलटा करून बघितला. "ह्यो नळ मा?"

"हो आजी. लावला की लगेच गरम पाणी. खास तुमच्यासाठी."

"ह्यो लावलो तर बिलात एक नळ वाढतलो?"

सगळी सभा हसली. पण वैनी हसवायला बोलल्या नव्हत्या. चेहरा अगदी काळजीचा होता. सेक्रेटरी म्हणाले, "नाही नाही, ही भेट आहे! जास्तीचा नळ आपण धरत नाही."

"वाढवलेलो नळ धरनास नाय," वैनी म्हणाल्या, माइक समोरच होता, "मग काढलेले कित्याक धरतास?"

ज्यांनी गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी नकाशात नसलेले नळ बसवले होते ते खाली चपलांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो. चार पानांत आणि थेंबात जे जमलं नाही ते बाईने एका वाक्यात केलं. सेक्रेटरींनी घाम पुसला आणि म्हणाले, "हाही मुद्दा उपसमितीकडे जाईल."

पुढच्या महिन्याचं बिल आलं. होतं तेवढंच. उपसमितीतले एक जण मुलीकडे परदेशी गेले होते, दुसऱ्यांना वेळ नव्हता, तिसरे कोण ते अजून ठरायचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच रविवारी बदलापूरहून वैनींचा मुलगा रिकाम्या बॅगा घेऊन हजर. वैनी पलंगावर बसलेल्या, साड्या बाजूला काढलेल्या, तो घड्या घालतोय.

मी दारातच कडाडले. "ठेव त्या साड्या! वैनी, नळ उघडायचे नाहीत ना? नका उघडू. पण बादली उचलायची नाही. उद्यापासून आंघोळीला माझ्याकडे यायचं."

"आनी तुझ्या पाण्याचा?"

"माझं बिल नळांवर येतं, वैनी. एकाने आंघोळ केली काय आणि दहांनी केली काय, तेवढंच."

वैनी हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजे मधली ट्यूबच ही गो!" मुलाला काही समजलं नाही. त्याने चहा घेतला आणि रिकाम्या बॅगा घेऊन परत गेला.

तेव्हापासून सकाळी आमच्या दारात टॉवेल आणि लुगडं घेऊन वैनी उभ्या. सुनेला ऑफिसची घाई, मुलाला गाडी गाठायची आणि न्हाणीघरात वैनींचं निवांत स्तोत्र चाललेलं. माझ्या वाटणीचा तो गरम पाण्याचा नळ मुलाने आमच्याकडे बसवून घेतला, तर विजेचं बिल चढलं. सून बिल बघते आणि ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून ऑफिसला जाते. "किती दिवस, आई?" मुलगा विचारतो. मी काय सांगणार? उपसमिती बसेपर्यंत. ती बसलेली नाही.

आज सकाळचीच गोष्ट. वैनी आंघोळ करून बाहेर आल्या, मुलगा घाईघाईने आत शिरला आणि त्याने कडी लावली. आमच्या न्हाणीघराचं बटण बाहेरच्या भिंतीला आहे. वैनींनी केस पुसत पुसत, जाता जाता, सवयीने ते दाबलं.

आतून पन्नाशी ओलांडलेला माझा मुलगा ओरडला, "काकी, दिवा!"