फोनमधली पायली

हिशोबाचं कोणतंही ॲप दाखवलं की ती आधी फोनवरचं विमानाचं चित्र दाबायची. नेट बंद व्हायचं. मग पदर खोचून म्हणायची, "आता दाखवा, बाई."

तिचं गाव धानोऱ्यापासून बरंच आत, जंगलात. तिथे रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, मिळे. हिशोब पाहायला रोज पाळीवर चढू का, असा तिचा सवाल. मुलांनो, तुम्ही ॲपचे तारे मोजता. तिने ते कधी पाहिलेच नाहीत.

आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची, मी इंग्रजी शिकवायचे. मी निवृत्त झाल्यावरही बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडे येई. तेव्हा तिची लेक गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. पुढच्या वर्षाची फी श्रावण संपायच्या आत भरायची होती. जवळ बँकेतले थोडे पैसे आणि चैत्रात जंगलात वेचलेला मोहफुलांचा साठा. दीर म्हणत होता, आत्ताच विकून टाक, हिशोब मी पाहतो. मोह पावसाळ्यात महाग होतो, हे तिला ठाऊक होतं. आणि 'हिशोब मी पाहतो' हे तिने नवरा गेल्यापासून पुष्कळ ऐकलं होतं.

मी सवयीप्रमाणे तक्ता आखला. पाच ॲप, सहा रकाने. अक्षर सुंदर आहे म्हणाली आणि तक्ता बाजूला ठेवला.

पहिल्या ॲपला तिचे सगळे मेसेज वाचायचे होते. "पाहुणा आताच दारात आला, अन रांजणात काऊन डोकावून राह्यला?" ते गेलं. पुढची दोन विमान दाबताच गोल गोल फिरत बसली. चौथ्यात शेअर, फंड, सोनं सगळं होतं, मोह नव्हता. मी म्हटलं, अंदाजे रुपये लिहू.

"विकलं नाई तं रुपये कुठी झाले, बाई?"

"मग लिहायचंच नाही?"

"घरात आहे ना. मंग लिवा तं लागनच."

पाचवं परदेशी फिरणाऱ्यांसाठी केलेलं, नेटशिवाय चालणारं. त्यात आपल्या मनाचं चलन जोडता येई. डॉलरच्या खाली तिने एका बोटाने मोह मोजायचं आपलं माप लिहिलं: पायली. पायलीचा भाव ती दर बाजाराला बदलणार. एकाच पडद्यावर रुपये, पायल्या आणि फीला किती कमी. एवढंच तिला हवं होतं.

मोहाचा आकडा तिच्याकडून टोपल्यांची संख्या विचारून मीच भरला. फी भागून वर उरत होतं. मी खूश झाले. तिने आकड्यावर बोट ठेवलं.

"बाई, हा ओला मोह लिवला तुमी. वाळला का निम्म्याच्या खाली येते."

तिने आकडा बदलला. पैसे फीला पुरेनात. उभा जन्म मी मुलांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, ही चूक माझी होती. ती पिशवी उचलून उठली. "किती कमी पडते, ते तं कळलं. आजवर तेच कोनी सांगत नव्हतं."

मग विडीच्या पानांचा, तेंदूपत्त्याचा हंगाम आला. पहाटे जंगलात जाऊन ती पानं तोडायची, दुपारी पुडके बांधायची आणि त्यांचा हिशोब त्याच दिवशी फोनमध्ये भरायची. दीर दोनदा व्यापाऱ्याला घेऊन आला. दोन्ही वेळा तिने चहा पाजला, फोन पुढे धरला आणि म्हणाली, "हे वाचा, भाऊजी. मोह आता नाई विकत." श्रावण लागल्यावर विकला. फी मुदतीच्या आत गेली.

लेकीला मुलचेऱ्याला नोकरी लागली, तशी तीही तिकडे गेली. निघायच्या दिवशी तिने पायलीभर वाळला मोह माझ्या ओट्यावर ठेवला. माझा फोन मागितला, विमान दाबलं आणि त्याच ॲपमध्ये माझ्या पेन्शनखाली लिहिलं: पायली, एक.

तिकडेही रेंज नसावी. फोन क्वचितच लागतो. दर बाजाराला मी मोहाचा भाव विचारते आणि भरते.

"विकाचा आहे का, बाई?" व्यापारी विचारतो.

"नाही," मी म्हणते. "घरात आहे, म्हणून लिहायचा आहे."